मोहाचं झाड कुठं ठेवलं?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांना टोक नसते. शाळेत आपण सगळ्यांनी दोन त्रिकोण काढले, मधून सूर्य वर आणला आणि खाली नदी सोडली. साखरशेतच्या बाजूला ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन बसले की इथला डोंगर वर सपाट दिसतो. लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे साचून सह्याद्रीचा हा बेसॉल्ट तयार झाला, म्हणून माथा पठारासारखा आणि उतारावर पायऱ्या. त्या कडेवरून पेन्सिल सावकाश फिरवताना हात अडतो, कारण त्याला त्रिकोणाची सवय असते. ती सवय मोडायला बाहेर बसण्याला पर्याय नाही.

स्केचबुकात चांगली चित्रेच असावीत असे वाटू लागले की त्याचा उपयोग संपला. तळहाताएवढ्या चौकटी आखाव्यात, एका चौकटीला पाचच मिनिटे द्यावीत आणि फोर-बी पेन्सिलीने तीनच टोन भरावेत: कागदाचा पांढरा, मधला राखाडी आणि गडद. डोळे किलकिले केले की बारकावे विरतात आणि मोठे आकार उरतात. आकाश, डोंगर, खाचरे, घर. घराचे छप्पर मागच्या डोंगरापेक्षा उजळ आहे की गडद, एवढे जरी या चौकटीत ठरले तरी पुष्कळ झाले. इथे न ठरलेली गोष्ट रंग लावताना ठरत नाही, चित्र चिखलते.

मुंबईत 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी पिढ्यानपिढ्या व्हीटी स्टेशनवर आणि क्रॉफर्ड मार्केटात स्केचिंगला जात आले. गाडीची वाट पाहणारा माणूस पोज देत नाही. तो उभा आहे तोवर वजन कोणत्या पायावर आहे ते टिपायचे. आबालाल रहिमान जे. जे.त शिकून कोल्हापुरात परतले आणि कोटितीर्थाचा परिसर वेगवेगळ्या उजेडात रंगवत राहिले. नाशिकच्या शिवाजी तुपे यांनी गोदाघाट असाच वर्षानुवर्षे जलरंगात रंगवला. त्याच जागी परत परत जाऊन बसण्याची या दोघांची चिकाटी मला फार मोठी वाटते. दर रविवारी नवे ‘स्पॉट’ शोधत फिरणाऱ्यांच्या हाती फोटोच जास्त लागतात.

साखरशेतला बसायचे तर पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात. भात पिवळे पडू लागलेले असते, उतारावर नागली-वरई उभी असते, माळावर खुरासणी फुललेली असते. भर पावसाळ्यात हवेत इतका ओलावा असतो की वॉश सुकता सुकत नाही आणि दुसरा थर दिला की पहिला फुटतो. उलट एप्रिलात ब्रश टेकवेपर्यंत रंग आळतो. हिरवा ही इथली खरी परीक्षा. ट्यूबमधला सॅप ग्रीन सरळ लावला तर डोंगर प्लॅस्टिकचा दिसतो. अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर मिसळावा, त्यात बर्न्ट सिएनाचा एक थेंब सोडावा, की मातीची आठवण असलेला हिरवा मिळतो. दूरच्या डोंगराला निळा वाढवायचा. जलरंग सुकल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना जरा जास्तच गडद वाटेल असा लावायचा. सावल्या तर दोन तासांत जागा सोडतात. त्या सुरुवातीलाच आखून ठेवाव्यात आणि मग ऊन कुठेही गेले तरी हलवू नयेत.

हे सगळे एकट्याने शिकता येते, पण फार हळू. चारपाच जण गेले की शेवटी चित्रे जमिनीवर ओळीने मांडली जातात आणि खरा अभ्यास तिथे होतो. तेच घर एकाने कागदभर काढलेले असते, दुसऱ्याने डोंगराखाली ठिपक्याएवढे. ‘छप्पर एवढं उजळ कसं ठेवलंस?’ या प्रश्नाला उत्तर देताना सांगणाऱ्यालाही आपण काय केले ते कळते. गॅब्रिएल कँपनारिओ या पत्रकार-चित्रकाराने 2007 साली सिएटलमधून सुरू केलेली ‘अर्बन स्केचर्स’ची चळवळ मुंबई-पुण्यातही रुजली, ती याच एकत्र बसण्याच्या ओढीने. एक पथ्य मात्र पाळावे: काम चालू असताना दुसऱ्याच्या कागदावर बोलू नये.

एकदा आमच्यातल्या एकाने घराचे चित्र काढताना मागचे मोठे झाड गाळले. डोंगराची रेघ मोकळी हवी होती. घरातल्या आजी बराच वेळ मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारले, ‘‘मोहाचं झाड कुठं ठेवलं?’’ फुले वेचायची, सुकवायची, बियांचे तेल काढायचे. त्या झाडाशिवाय ते घर त्यांच्या लेखी पुरे नव्हते. याच मुलखात वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मध्ये पालघाट देवी, भोवती झाडे, माणसे. समोर बसून, बघून काढलेले त्यात काही नसते. झाड जसे ठाऊक आहे तसे भिंतीवर येते आणि काम चारचौघींचे मिळून होते. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी (1934–2018) ही कला कागदावर-कापडावर जगभर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरून येणारे चित्रकार त्यातले त्रिकोणी माणूस तेवढे उचलून स्केचबुकाच्या कडेला नक्षी करतात, हे मला मुळीच पटत नाही. त्यापेक्षा एखादी वस्तू गाळण्याआधी ती काय आहे, कोणाची आहे, हे विचारावे. आमच्या मित्राने नवे पान घेतले, झाड आहे तिथेच ठेवले आणि कागदच थोडा डावीकडे सरकवला. रचना आधीपेक्षा बरी झाली.

अंगणात किंवा खळ्यात बसायचे तर घरच्यांची परवानगी घ्यावी. ब्रश धुतलेले पाणी विहिरीजवळ वा खाचरात ओतू नये. कॅडमियम, कोबाल्ट असलेले रंग विषारी असतात, ते पाणी बाटलीत भरून परत न्यावे. मुले भोवती जमतातच, त्यांच्यासाठी जादा कागद आणि पेन्सिली ठेवाव्यात. पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहावी. मार्चमध्ये याच जागी पळस फुललेला असेल आणि राब भाजल्याचे काळे चौकोन दिसतील. जुलैत आवणी चालू असेल, तेव्हा छत्रीखाली फक्त पेन्सिल चालेल. त्या खेपांना ऑक्टोबरचे पान सोबत असले तर काय बदलले ते लगेच ताडून पाहता येते.