मिसळला तर कचरा, वेगळा केला तर माल

आज आपण घरातल्या कचऱ्याविषयी बोलणार आहोत. हा विषय गटाच्या बैठकीत निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "ग्रामपंचायतीची गाडीच येत नाही." दुसरं, "गावाला शिस्त नाही." दोन्ही तक्रारी खऱ्या असतील. पण गाडी येवो न येवो, त्याच्या आधीचं एक काम आपल्याच हातात असतं. भाजीची देठं आणि बिस्किटाचं पाकीट एकाच टोपलीत टाकायचं की दोन वेगळ्या टोपल्यांत, हे आपल्या स्वयंपाकघरात ठरतं. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. म्हणून आजची मुख्य गोष्ट आम्ही आधीच सांगून टाकतो: कचरा मिसळू द्यायचा नाही.

उकिरड्याचं काय झालं?

आपल्या सासू-आजेसासूच्या काळात घराबाहेर काय टाकलं जायचं ते आठवा. चुलीतली राख, गोठ्यातलं शेण, जनावरांच्या पुढ्यातला उरलेला चारा, भाजीची सालं, अंगणातला पाला. राख भांडी घासायला जायची, बाकीचं उकिरड्यात पडायचं. पावसाळ्यापूर्वी तोच उकिरडा गाडीत भरून शेतात जायचा. त्या उकिरड्याला कुणी घाण म्हणत नव्हतं, ती शेतकऱ्याची ठेव होती.

उकिरडा आजही आहे. पण आता त्यात शाम्पूच्या पुड्या आहेत, दुधाच्या पिशव्या आहेत, गुटख्याची पाकिटं आहेत, मुलांच्या खाऊची चकचकीत वेष्टनं आहेत. शेण-पाला कुजून काळा होतो, या वस्तू मात्र कुजत नाहीत. खत शेतात गेलं की त्याही शेतात जातात. नांगराला, कुळवाला अडकतात, उन्हाने त्यांचे बारीक तुकडे होतात आणि मातीतच राहतात. पिशवीचा तुकडा जिथे पसरलेला असतो तिथे पाणी नीट मुरत नाही आणि मुळांना वाट मिळत नाही. जी ठेव आपण शेताला देत होतो, तिच्यातूनच आता शेताला त्रास पोचतो आहे.

गाईच्या पोटात, आपल्या छातीत

मिसळलेल्या कचऱ्याचं दुसरं नुकसान गोठ्यात दिसतं. शिळी भाकरी, भाजीची सालं पिशवीत भरून गाठ मारून आपण बाहेर टाकतो. गाईला वास येतो. तिला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. गाय आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते, त्यामुळे तोंडात आलेली नको ती वस्तू तिला निवडून टाकता येत नाही. पिशवी पोटाच्या पहिल्या कप्प्यात जाऊन बसते. अशा पिशव्यांचा हळूहळू गोळा होतो. जनावर चारा कमी खातं, दूध आटतं, पोट फुगतं. गोळा मोठा झाला की तो काढायला शस्त्रक्रियाच करावी लागते. कचऱ्यात खिळा किंवा तार असेल तर आणखी वाईट. ती पोटाच्या पडद्यातून पुढे सरकत हृदयापर्यंत पोचू शकते. एका दुभत्या जनावराची किंमत काय असते, ते आपल्या गटातल्या कर्ज काढून गाय घेतलेल्या बाईला विचारा.

तिसरं नुकसान थेट आपलं आहे. चूल पेटेना की आपण प्लॅस्टिकची पिशवी चटकन खाली सरकवतो. संध्याकाळी केर गोळा करून काडी लावतो. तो काळा, घशाला झोंबणारा धूर सगळ्यात आधी चुलीपुढे बसलेली बाई आणि तिच्या मांडीवरचं मूल घेतं. काही प्रकारचं प्लॅस्टिक जळताना डायऑक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात. ती चाऱ्यावर, गवतावर बसतात आणि तिथून दुधाच्या स्निग्धांशात उतरतात. म्हणजे जाळलेली पिशवी संपत नाही, ती दुसऱ्या वाटेने घरात परत येते. म्हणून चुलीत आणि केराच्या ढिगात प्लॅस्टिक जाळायचं नाही, हा पहिला नियम करू या.

चार जागा करा

वेगळं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? फार खर्च नाही. घरात चार जागा ठरवा.

पहिली जागा ओल्या कचऱ्याची. झाकणाचं जुनं घमेलं किंवा डबा चालेल. यात भाजीची सालं, देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, फळांच्या साली, निर्माल्यातली फुलं. फुलांच्या हारातला दोरा आणि चमकी आधी काढा.

दुसरी जागा सुक्या मालाची. एक रिकामं पोतं खुंटीला अडकवा. यात कागद, पुठ्ठा, बाटल्या, डबे, पत्रा, दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्या. अट एकच: वस्तू धुतलेली आणि कोरडी हवी. तेलकट, खरकटं लागलेलं प्लॅस्टिक भंगारवाला घेत नाही, घेतलं तरी भाव पाडतो.

तिसरी जागा अंगाशी संबंधित वस्तूंची: वापरलेले सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर, जखमेच्या पट्ट्या. या कागदात गुंडाळून वेगळ्या ठेवायच्या. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी लोकांना सांगितलं की अशा पुडीवर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला ती हाताने उघडून बघावी लागणार नाही. साधी खूण आहे, आपणही करू शकतो. बाजारातल्या बहुतेक पॅडमध्ये प्लॅस्टिक असतं, म्हणून ते शोषखड्ड्यात किंवा संडासात टाकले तर तुंबतं. ज्यांना सोयीचं आहे त्यांनी सुती कापडाचे पॅड साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून वापरावेत.

चौथी जागा धोक्याच्या वस्तूंची, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी: फुटलेले बल्ब, ट्यूब, सेल, औषधांच्या उरलेल्या गोळ्या, सुया, ब्लेड. फवारणीच्या औषधाची बाटली रिकामी झाली की तीनदा खळखळून धुवा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता आणि बाटलीला भोकं पाडा. त्या बाटलीत तेल, रॉकेल, पाणी काहीही ठेवायचं नाही.

ओल्याचं खत

घरातल्या रोजच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त वाटा साधारणपणे ओल्याचाच असतो. तो वेगळा काढला की उरलेल्याला वास येत नाही, माश्या बसत नाहीत, आणि जागा निम्मीच लागते.

परसात सावलीला तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असे दोन खड्डे घ्या. पाणी साचणार नाही अशी उंचावरची जागा बघा. तळाला काडीकचरा पसरा. त्यावर ओला कचरा, त्यावर वाळलेला पालापाचोळा, त्यावर शेणकाला आणि वर मूठभर माती. असे थर देत जा. मिश्रण मुठीत दाबलं तर बोटं ओलसर व्हावीत, पण पाणी टपकू नये. घाण वास आला तर समजा पाणी जास्त झालं, सुका पाला घाला. कुजतच नसेल तर पाणी शिंपडा. पंधरा-वीस दिवसांनी वरखाली करा. एक खड्डा भरला की तो मातीने झाकून दुसरा सुरू करा. तीन-चार महिन्यांत पहिल्यातलं खत काळं, भुसभुशीत होतं आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

गटाला मिळून मोठं काम करायचं असेल तर नाडेप पद्धत आहे. ती यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शोधली. नाडेप हे त्यांच्याच नावातल्या अक्षरांवरून पडलेलं नाव. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं बांधायचं आणि हवा खेळावी म्हणून भिंतींत जागोजागी भोकं ठेवायची. या पद्धतीत शेण फार कमी लागतं. काडीकचरा, माती आणि पाणी हा मुख्य माल. ज्या घरात आता बैलजोडी उरली नाही, त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे.

सुक्याचा पैसा

एकट्या बाईचं अर्धं पोतं घेऊन भंगारवाला थांबत नाही, थांबला तरी कवडीमोल भाव देतो. बारा घरांचा माल एकत्र झाला की तोच दारात येतो आणि मोजून घेतो. म्हणून महिन्यातला एक दिवस ठरवा, बैठकीचाच दिवस. पत्रा, पुठ्ठा, कागद, बाटल्या आणि पिशव्या वेगवेगळ्या करून विका. दोन-तीन भंगारवाल्यांना भाव विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा.

हा माल पुढे कुठे जातो? काच आणि लोखंड वितळवून पुन्हा वापरतात, आणि ते कितीही वेळा करता येतं. जुन्या ॲल्युमिनियमपासून नवं करायला, खनिजापासून करण्याच्या तुलनेत ९५ टक्के ऊर्जा वाचते. म्हणून फुटक्या पातेल्यालाही भाव असतो. पुठ्ठ्याचा लगदा होऊन पुन्हा पुठ्ठा होतो. प्लॅस्टिकचे दाणे करून त्यातून पाइप, बादल्या, दोऱ्या होतात.

दुधाच्या पिशवीची एक गोष्ट लक्षात ठेवा. कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, एका बाजूने चिकटलेला राहू द्या. बारा घरांत रोज एक पिशवी धरली तर वर्षाला ४,३८० पिशव्या होतात. पिशवी विकली जाते, पण तुटलेला तुकडा कुणीच उचलत नाही. ४,३८० तुकडे मग गटारात आणि शेतात जातात.

ज्याला भाव नाही, ते घरात आणायचं कशाला?

आता अवघड भाग. चिप्सचं, शाम्पूचं, मसाल्याचं चकचकीत पाकीट भंगारवाला घेत नाही. त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे काढणं परवडत नाही. आपण हिशेब करून बघू. एका घरात आठवड्याला अशी १० पाकिटं येतात असं धरा. वर्षाची झाली ५२०. गाव ३०० उंबऱ्यांचं असेल तर वर्षाला १,५६,००० पाकिटं, ज्यांचं कुणी काही घेणार नाही.

यावर उपाय दारातून आत येण्याआधीच करावा लागतो. शाम्पू-तेल मोठ्या बाटलीत आणून चार घरांनी वाटून घ्या. मसाला आणि पापड गटातूनच डब्यात द्या-घ्या. बाजाराला जाताना कापडी पिशवी आणि मासळी-मटणासाठी डबा न्या. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकची ताटं, पेले, चमचे, स्ट्रॉ अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी आहे. तरी लग्नाच्या पंगतीनंतर मांडवामागे काय पडलेलं असतं ते आपण बघतोच. इथे गटाला एक धंदाही आहे: स्टीलची ताटं, वाट्या, पेले गटाने विकत घ्यावेत आणि गावातल्या कार्याला भाड्याने द्यावेत. हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचा डबा वाण म्हणून देण्याऐवजी जुन्या साडीची शिवलेली पिशवी द्या. शिवणाऱ्या मैत्रिणीला काम मिळेल आणि वाण वर्षभर वापरात राहील.

गावाला कसं सांगायचं?

लोकांना रागावून हे होत नाही, दाखवून होतं. आधी गटातल्या घरांनी दोन महिने करून बघावं. तयार झालेलं खत आणि भंगाराच्या पैशाची वही शेजारणींना दाखवावी. शाळेत शिक्षकांशी बोलून मुलांना सुका माल ओळखायला शिकवावं, मुलं घरी जाऊन आपोआप टोकतात.

आणि ग्रामपंचायतीला सांगायलाच हवं. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी गावंही कायद्याच्या कक्षेत आणली आणि ग्रामपंचायतीवर जबाबदारी टाकली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात गावांना दिलेल्या निधीतला ३० टक्के भाग स्वच्छतेसाठी राखून ठेवला होता. त्यातून आपल्या गावात काय झालं, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तिथे हा विषय लेखी द्या. न विकली जाणारी पाकिटं साठवायला एक शेड आणि ती तालुक्याच्या केंद्रापर्यंत नेण्याची सोय, एवढी मागणी करा. अशा प्लॅस्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात वापरता येतात. कोकणातल्या वेंगुर्ला नगरपरिषदेने ते करून दाखवलं आहे.

शेवटी एका माणसाविषयी. आपण न निवडलेला कचरा कुणीतरी निवडतंच, आणि बहुतेक वेळा ती एखादी बाईच असते. पुण्यात अशा कष्टकऱ्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली. त्यांच्यात बायकाच जास्त आहेत. फुटकी काच, सुया, खरकटं यांत हात घालून त्यांनी पोट भरलं आणि शहराचा कचराही कमी केला. आपल्या गावात येणारा भंगारवाला किंवा भंगार वेचणारी बाई त्याच कामातली. तिला पाणी विचारा, धुतलेला माल द्या, काच वेगळी बांधून द्या.

पुढच्या बैठकीसाठी काम

येत्या आठवड्यात प्रत्येकीने घरातला कचरा चार जागी ठेवायचा. आठव्या दिवशी ओल्याचं आणि सुक्याचं वजन करायचं, आणि न विकली जाणारी पाकिटं मोजायची. तिन्ही आकडे बैठकीत वहीत लिहा. तोच हिशेब घेऊन महिला सभेला जा. आपल्या हातात आकडे असले की समोरच्याला ऐकावं लागतं.