पायाने काढलेली मींड

मींड बोटाने काढायची, पायाने नव्हे, असे मी आमच्या इंदुरातल्या मंडळीत अनेकदा ठासून सांगितले आहे. बंदे अली खाँच्या बीनाच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या घरांतून हे विधान खपतेही चांगले. पण गेल्या उन्हाळ्यात पुतण्याकडे अमेरिकेत, टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरी, महिनाभर राहण्याचा योग आला आणि शेजारच्या एका वृद्ध वादकाच्या पडवीत मला हे मत गिळावे लागले. सगळे नाही, पण बरेचसे.

वाद्याचे नाव पेडल स्टील गिटार. गिटार आडवी ठेवून तारांवरून पोलादाची कांडी सरकवण्याची रीत मुळात हवाई बेटांतली. तिचे श्रेय जोसेफ केकुकू याला देतात. हीच रीत ब्रिजभूषण काब्रांनी आपल्या रागसंगीतात आणली. १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी ज्यांच्या घरी झिजली आहे, त्यांना अधिक सांगायला नको. मात्र कांडी पडली सरळ. तिच्याखालच्या सगळ्या तारा एकदम चढतात, एकदम उतरतात. एकीला जागेवर ठेवून दुसरीला वर न्यायचे तर हात अपुरे पडतात, म्हणून अमेरिकन कारागिरांनी पाय कामाला लावले. पेडले आधीपासून होती; पण तार वाजत असतानाच पेडल दाबून तो खेचलेला स्वर लोकांच्या कानात बसवला तो बड आयझॅक्सने, वेब पियर्सच्या १९५४ साली गाजलेल्या ‘स्लोली’ या गाण्यात. त्याचे वाद्य पॉल बिग्सबीने घडवलेले होते. पुढे बडी एमन्सने त्या एका पेडलाचे काम दोन पेडलांत वाटले.

आपल्या भाषेत सांगायचे तर सा, ग, प अशा तीन तारा वाजत आहेत. पाय दाबला की सा जागचा हलत नाही, ग चढून शुद्ध म होतो आणि प चढून ध होतो. दोन मींडी एकदम, आणि मध्ये स्थिर सा! आपल्याकडे हे कोणी मागितलेच नाही, ही गोष्ट वेगळी.

वृद्ध गृहस्थांनी वाद्य उलटे करून दाखवले. खाली निव्वळ कारखाना. पेडलापासून एक सळई वर जाते आणि आडव्या दांडीला फिरवते. दांडीवर एक छोटी तरफ, तिला ओळीने भोके. त्यांपैकी एकात अडकवलेली दुसरी सळई थेट तारेच्या टोकाशी असलेल्या लोखंडी ‘बोटा’ला ओढते. सळईच्या शेवटी नायलॉनचा नट. तो किल्लीने पिळला की चढलेला स्वर कुठे थांबायचा ते ठरते.

सगळी गंमत त्या भोकांत आहे. पूर्ण स्वर चढवायला तारेचा ताण जवळजवळ सव्वापट करावा लागतो. सळई दांडीपासून लांबच्या भोकात अडकवली तर ओढ जास्त, पण पेडल जड. जवळच्या भोकात पेडल हलके, पण ओढ अपुरी. एकच पेडल दोन तारा चढवत असेल, तर वरच्या स्वराच्या तारेला खालच्या तारेपेक्षा जास्त ओढ लागते. दोघी एकाच क्षणी निघून एकाच क्षणी पोचल्या नाहीत, तर वाटेत बेसूर. म्हणून प्रत्येक तारेचे भोक निराळे.

गृहस्थांच्या वाद्यात ध उतरा लागत होता. कुणा दुरुस्तीवाल्याने नट पिळत पिळत तो वर आणला, तेव्हा सळईतली ढील संपली आणि पाय न लावताही प चढाच राहू लागला! दोन दिवस खपून गृहस्थांनी नट सैल केला, सळई एक भोक पुढे नेली आणि मग पुन्हा स्वर लावला. लावला तोही पियानोचा ध नव्हे. नव्या मेळात हा ध गांधाराच्या जागी येतो, आणि कानाला गोड लागणारा गांधार पियानोच्या गांधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या शंभरांतले सुमारे चौदा भाग खाली असतो. ते तिथेच थांबले. पेटीच्या गांधाराने आयुष्यभर छळलेल्या माझ्यासारख्याला आणखी काय हवे?

एक दोष मात्र त्यांनीच ऐकवला. पेडल दाबले की वाढलेल्या ताणाने वाद्याचे अंग किंचित वाकते आणि ज्याला कुणी हात लावला नाही तो सा केसभर उतरतो. निर्मात्यांनी हे पुष्कळ कमी केले आहे, पण षड्ज ढळतो म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. ते म्हणाले, “कांडीने सावरून घेतो.”

मी माझा जुना आक्षेप काढला : मुक्कामाची जागा आधीच नटाने ठरलेली, मग मींडेत वादकाचे राहिले काय? सतारीवर बोट कुठे थांबवायचे ते कान त्या क्षणी ठरवतो. त्यांनी उत्तर दिले नाही. खुर्चीवरून उठले आणि मला बसवले. मी पेडल दाबले. ध अगदी जागेवर आला, पण तिथे पोचेपर्यंत माझा घोटा तीनदा अडखळला, आणि ते तिन्ही धक्के पडवीभर ऐकू आले.