समुद्राने गिळलेले स्टेशन

काशी-रामेश्वरची यात्रा करणारे आपले आजी-आजोबा सेतूची वाळू आणायला विसरत नसत. त्यांच्यातले कितीतरी जण सेतुस्नानासाठी थेट रेल्वेने जात. ते स्टेशन म्हणजे धनुष्कोडी. आज तिथे गाडी जात नाही. उरल्यात पडक्या भिंती, एक पाण्याची टाकी आणि भोवती वाळूच वाळू.

१९१४ साली पांबनचा पूल झाला आणि या टोकाचे भाग्य उजळले. मद्रासच्या एग्मोरहून 'बोट मेल'मध्ये बसायचे, धनुष्कोडीला उतरून आगबोटीने तलाईमन्नार गाठायचे आणि तिथून पुन्हा रेल्वेने कोलंबो! त्या काळी मुख्य मार्ग धनुष्कोडीचा होता. रामेश्वरला जायला फाटा फुटे, हे आज कुणाला खरे वाटणार नाही.

२२ डिसेंबर १९६४. रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी सहा डब्यांची ६५३ नंबरची पॅसेंजर पांबनहून निघाली. बाहेर वादळ घोंघावत होते. धनुष्कोडी अगदी जवळ आले, पण सिग्नल पडेना. ड्रायव्हरने थोडा वेळ वाट पाहिली, लांब शिट्टी दिली आणि अंधारातच गाडी पुढे काढली, असे सांगतात. त्याचे तरी काय चुकले? थांबूनही लाट चुकली असती असे नाही. लाटेने अख्खी गाडी ओढून नेली. शंभरावर माणसे होती आत, कुणी वाचले नाही.

गावही गेले. सरकारने ते राहण्यास अयोग्य ठरवले. पांबनचा मोडलेला पूल तरुण इंजिनीअर ई. श्रीधरन यांनी ४६ दिवसांत उभा केला (हेच पुढचे कोकण रेल्वेचे श्रीधरन), पण धनुष्कोडीचे रूळ पुन्हा टाकले गेले नाहीत. आगबोटी रामेश्वरहून सुटू लागल्या. श्रीलंकेतल्या यादवीत १९८०च्या दशकात त्याही थांबल्या.

२०१७ पासून टोकापर्यंत डांबरी रस्ता आहे. यात्रेकरू मोटारीतून उतरतात, चर्चच्या भग्न भिंतींपाशी फोटो काढतात. नव्या रेल्वेमार्गाची पायाभरणी २०१९ मध्ये झाली, २०२५ मध्ये पांबनला नवा पूलही आला. गाड्या मात्र रामेश्वरलाच थांबतात. पुढचे अठराएक किलोमीटर कोळ्यांच्या झोपड्या आणि दोन्ही बाजूंना समुद्र.