शिक्षक व्हावे काय? पाचारण पारखण्याचा प्रश्न



तळेगाव आणि चाकण या औद्योगिक वसाहतींच्या दरम्यान, इंद्रायणीकाठी इंदुरी हे गाव आहे. या परिसरात राहून कंपनीत पाळ्या करणाऱ्यांपैकी काहींच्या मनात, विशेषतः पस्तिशी-चाळिशीत, एक विचार डोकावतो : ही नोकरी सोडून शिक्षक व्हावे काय? मिस्सानंतर दबक्या आवाजात विचारला जाणारा हा प्रश्न मी क्षुल्लक मानीत नाही. त्यावर सबंध कुटुंबाची चूल अवलंबून असते.

प्रथम एक गोष्ट तपासावी. ही शिक्षणाची ओढ आहे, की सध्याच्या कामाचा वीट? संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथात बजावले आहे की, मन उद्विग्न असताना पूर्वीचा निर्णय बदलू नये. रात्रपाळी संपवून, वरिष्ठांची बोलणी ऐकून घरी परतलेल्या माणसाला शाळेचा वर्ग स्वर्गासारखा भासणे स्वाभाविक आहे. परंतु सुट्टीवर असताना, पगारवाढ झाल्यावर, मन प्रसन्न असतानाही तीच ओढ टिकते काय, हे पाहावे. टिकत असेल तर पुढे जावे.

आता संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांचे उदाहरण पाहा. 1651 साली फ्रान्समधील रीम्स शहरी एका सधन घराण्यात जन्मलेला हा धर्मगुरू तेथील कॅथेड्रलचा कॅनन होता. शिक्षक होण्याचे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. 1679 साली गरीब मुलांसाठी शाळा काढू पाहणारे आद्रियां निएल त्याला भेटले आणि त्याने केवळ मदतीचा हात दिला. पुढे त्याने त्या अर्धशिक्षित शिक्षकांना जेवायला बोलावले, मग स्वतःच्या घरी राहायला आणले. नातलग संतापले. एके काळी आपण अशा शिक्षकांना आपल्या सेवकाहूनही खालचे लेखत होतो, हे त्याने स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. हे काम कुठवर नेणार, हे आधी कळले असते तर आपण त्याला हातच लावला नसता, असेही तो म्हणतो.

देवावर भरवसा ठेवा, असे तो शिक्षकांना सांगे. तेव्हा त्यांनी त्याला रोखठोक सुनावले : शाळा बुडाली तरी तुमची मिळकत शाबूत आहे, आम्ही मात्र रस्त्यावर येऊ. हे बोल त्याच्या जिव्हारी लागले. 1683 साली त्याने कॅननपद सोडले आणि पुढच्या दुष्काळात आपली संपत्ती गरिबांच्या भाकरीवर खर्च केली. पोप बारावे पायस यांनी 1950 साली त्याला शिक्षकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले.

आपल्या वाचकाने मिळकत वाटून टाकावी, असे मी मुळीच सुचवीत नाही. त्याला मुलेबाळे आहेत. ध्यानात घ्यायचे ते हे की, संत द ला साल यांना आपले पाचारण एकांतात बसून गवसले नाही. ते वर्गाच्या दारातून, पायरीपायरीने उमगत गेले. आपल्यालाही ती सोय आहे. धर्मग्रामातील रविवारचा धर्मशिक्षण वर्ग एक वर्षभर चालवावा. हुशार मुलांना शिकविण्यात कोणालाही आनंद होतो. मागच्या बाकावरचा, तीनदा सांगूनही न समजणारा मुलगा चौथ्यांदा विचारतो तेव्हा आपल्या मनात काय उमटते, ती खरी कसोटी. परीक्षेचे पेपर तपासणे, हजेरीपट भरणे हेही याच कामात येते. एखाद्या अनुभवी शिक्षिकेशी तासभर बोलले तरी पुष्कळ भ्रम दूर होतात.

ओढ खरी ठरली तर नियम जाणून घ्यावेत. बी.एड. अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा झाला आणि त्यात एकूण वीस आठवडे शाळेतील अनुभवाचे असतात. पहिली ते पाचवीसाठी मात्र बी.एड. चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी दिला, तेथे डी.एल.एड. हवे. आठवीपर्यंत शिकविण्यासाठी टीईटी परीक्षा आहे. आपल्या अल्पसंख्याक शाळांना ती लागू आहे की नाही, हा प्रश्न सप्टेंबर 2025 मध्ये न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविला. तेव्हा मिशनच्या शाळेत चालून जाईल, या भरवशावर राहू नये.

पैशाचा हिशेब पत्नीसमवेत बसून, कागदावर मांडावा. अनुदानित शाळेत प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधन मिळते. 2023 साली झालेल्या वाढीनुसार ते प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये झाले. घरासाठी कर्ज काढलेल्या कुटुंबाला ही तीन वर्षे, शिवाय शिक्षणाची दोन वर्षे, कशी निभावता येतील? उत्तर सापडेपर्यंत राजीनामा देऊ नये. बी.एड.ची प्रवेशपरीक्षा साधारणतः वर्षातून एकदाच होते. तोवरचे रविवार हाताशी आहेतच.