ट्रकच्या केबिनमध्ये झोपताना ऊब कशाची घ्यावी?

सोलापूर म्हटले की लोकांना ऊन आठवते. थंडीचा आपण फारसा बाऊ करीत नाही. डिसेंबर-जानेवारीत चार दिवस पहाटे कडाका पडला तर अंगावर एक चादर जास्त घेतली की भागते. अडचण होते ती इथून माल भरून उत्तरेकडे जाणाऱ्यांची. सांगोल्याचे डाळिंब किंवा आपल्या बाजार समितीतला कांदा घेऊन गाडी राजस्थान-हरियाणात पोहोचते, तेव्हा तिकडे पारा पाच-सहा अंशांवर, कधी त्याच्याही खाली आलेला असतो. धुके पडले की गाडी रात्रभर ढाब्यावर उभी. मालाची, ताडपत्रीची, टाकीतल्या डिझेलची राखण करायची असल्याने चालक आणि क्लीनर केबिनमध्येच झोपतात. इंजिन चालू ठेवावे तर डिझेल जळते. मग ढाब्यावरून निखाऱ्यांची शेगडी आत घेतली जाते आणि काचा वर केल्या जातात.

माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी येणाऱ्या एका चालकाने परवा विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, शेगडीचा धूर होतो. गॅसवरचा लहान हीटर मिळतोय, तो बरा पडेल का? कुठल्या कंपनीचा घेऊ?’’ प्रश्न चांगला होता. पण उत्तर कंपनीवर अवलंबून नाही. केबिनच्या आत जळणारी कोणतीही वस्तू झोपताना नको. मग ती कोळशावर चालो, रॉकेलवर चालो की गॅसवर. असे का, ते जरा सविस्तर सांगतो.

कोणतेही इंधन जळताना त्याला हवेतील प्राणवायू लागतो. तो भरपूर मिळाला तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कमी पडला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकलाही येत नाही. धूर झाला तर माणूस निदान काच तरी उघडतो. लालबुंद, बिनधुराचा निखारा पाहून मात्र आपण निर्धास्त होतो, आणि नेमका तोच निखारा हा वायू सर्वांत जास्त सोडत असतो. राखेखाली धुमसणारा कोळसाही पहाटेपर्यंत तो सोडत राहतो.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू उचलते आणि शरीरभर पोचवते. हे हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडला प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट अधिक घट्ट धरून ठेवते. म्हणजे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तातील जागा अडवून बसतो. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने एकोणिसाव्या शतकातच हे ओळखले होते. पुढे इंग्लंडमध्ये हॉल्डेन या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून कोळसा खाणीत पिंजऱ्यातले लहान पक्षी नेऊ लागले. माणसाच्या आधी पक्षी खाली पडे, आणि खाणकामगार बाहेर धावत.

झोपलेल्या माणसाला असा इशारा मिळत नाही. जागा असेल तर त्याचे डोके दुखते, मळमळते, गरगरते, छातीत धडधडते. पुष्कळ जण याला पित्त किंवा ढाब्यावरचे जेवण बाधले असे समजतात. पुढे पायातले बळ जाते आणि विचार मंदावतो. त्यामुळे काहीतरी बिघडले आहे हे कळूनही हात दरवाजाच्या खटक्यापर्यंत जात नाही. झोपेतला माणूस तर झोपेतूनच बेशुद्धीत जातो. केबिनमधल्या दोघांचेही डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर मोकळ्यावर आल्यावर बरे वाटले, तर ते पित्त नव्हे, हे पक्के समजावे.

केबिन म्हणजे ढोबळमानाने दोन-अडीचशे घनफुटांची पेटी. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत याच्या चौपट हवा असते, आणि तशा खोलीतही शेगडीने माणसे गेली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या अलीपूर भागात एका घरातील चौघे, त्यात दोन लहान मुले, बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपले आणि उठले नाहीत. गॅसचा हीटर तरी सुरक्षित असेल म्हणावे, तर जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे पर्यटनाला गेलेले केरळचे आठ जण हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपले होते. तेही दगावले. काही गॅस हीटरवर प्राणवायू कमी झाल्यास बंद पडण्याची सोय असल्याचे छापलेले असते. ती सोय प्राणवायू ओळखते, विषारी वायू मोजत नाही. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ती काचांवर आणि पांघरुणावर बसते आणि पहाटे सगळे दमट, गार लागते. सिलिंडर गळका असेल तर गॅस हवेपेक्षा जड असल्याने केबिनच्या तळाशी साचतो आणि सकाळी कोणीतरी विडीसाठी काडी ओढतो.

काच बोटभर खाली ठेवतो, असे पुष्कळ जण सांगतात. त्याने धोका कमी होईल, टळणार नाही. वारा पडला किंवा उलट्या दिशेने आला तर हवा खेळत नाही. इंजिन चालू ठेवून झोपणेही निर्धोक नाही. सायलेन्सर कुजलेला असेल किंवा केबिनच्या तळाला भोक असेल तर धूर आत येतो. शेजारी दुसरी गाडी चालू असेल तर तिचाही. केरळात वडकरा येथे डिसेंबर २०२४ मध्ये रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृत सापडले. विषारी वायू त्याच गाडीच्या जनरेटरचा होता आणि तो तळाच्या भोकातून आत आला होता.

मग काय घ्यावे? थंड देशांतल्या ट्रकना डिझेलवर चालणारा खास हीटर असतो. त्यात डिझेल बंद डब्यात जळते, त्यासाठी लागणारी हवा बाहेरून येते, धूर नळीने बाहेर जातो आणि केबिनमध्ये येते ती फक्त तापवलेली हवा. हा प्रकार चांगला, पण तो कंपनीने किंवा जाणकार माणसाने नीट बसवलेला हवा. धुराची नळी सैल राहिली किंवा तिचे तोंड केबिनखालीच सोडले तर तो शेगडीइतकाच वाईट. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीचे झाले आहे. चालकांच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट झाली, पण अशा केबिनच्या काचा घट्ट बसतात, हेही लक्षात ठेवावे.

बाकीच्यांसाठी माझी पसंती विजेच्या गरम चादरीला. हिशेब करून पाहा. ट्रकला १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या असल्या तर ३६०० वॅट-तास वीज साठते. सकाळी स्टार्टर फिरायला हवा, म्हणून त्यातली निम्मीच वापरावी. घरगुती १००० वॅटचा हीटर ती दोन तासांच्या आत संपवील. ६० वॅटची चादर आठ तासांत ४८० वॅट-तासच घेते. ट्रकसाठी २४ व्होल्टची आणि छोट्या हत्तीसारख्या लहान गाडीसाठी १२ व्होल्टची, तापमान आपोआप आवरणारी चादर घ्यावी. ती घडी घालून किंवा ओली असताना वापरू नये, आणि फ्यूज टाळून वायर थेट बॅटरीला जोडू नये.

याहून स्वस्त म्हणजे रबराची गरम पाण्याची पिशवी. ढाब्यावर पाणी मिळते. उकळते पाणी न भरता, टॉवेल गुंडाळून ती पोटाशी किंवा मांड्यांजवळ ठेवावी. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांनी पिशवी पायाला लावू नये, गरम चादरही टाळावी. भाजलेले कळत नाही आणि जखम महिनोन् महिने भरत नाही. सोलापुरी चादर आपल्या हिवाळ्याला उत्तम, उत्तरेला मात्र लोकरीची घोंगडी सोबत न्यावी. सुती कापड दमट झाले की ऊब देत नाही, लोकर देते. अंगाखालीही तितकेच जाड हवे, कारण गारवा खालून येतो. डोक्याला कानटोपी, पायात मोजे. ‘थोडी घेतली की ऊब येते’ हा समज खोटा आहे. दारूने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो, गरम वाटते, पण शरीरातील उष्णता बाहेर जाते.

डिझेल हीटर असलेल्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा अवश्य बसवावा. युरोपीय मानक ईएन ५०२९१ चा, शक्यतो वाहनासाठीचा घ्यावा आणि झोपणाऱ्याच्या डोक्याजवळ लावावा. मात्र भोंगा आहे म्हणून आत शेगडी घेऊ नये.

कोणी केबिनमध्ये बेशुद्ध आढळला तर दोन्ही दरवाजे उघडून त्याला आधी बाहेर ओढावे. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा, श्वास बंद असेल तर आणि येत असेल तर छाती दाबण्याचे प्रथमोपचार सुरू करावेत. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात, घट्ट मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास तास-दीड तास. करोनापासून घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र इथे फसवते. विषारी वायूने भरलेले हिमोग्लोबिनही त्याला चांगले वाटते आणि ते ९८ दाखवते. म्हणून दवाखान्यात पोचताच ‘केबिनमध्ये शेगडी होती’ हे आधी सांगावे, म्हणजे रक्ताची योग्य तपासणी होईल. शुद्धीवर येऊन घरी आलेल्या काहींना पुढे दोन-चार आठवड्यांत विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे असे त्रास सुरू होतात. तसे दिसल्यास घरच्यांनी थकवा समजून थांबू नये. डॉक्टरकडे जाताना जुने कागद सोबत न्यावेत आणि त्या रात्रीची हकिकत पुन्हा सांगावी.