समुद्री टाकीतील घुसखोर आयप्टेसिया

प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एके दिवशी दगडाच्या फटीतून तपकिरी, अर्धपारदर्शक, इवल्याशा ताडासारखे काही उमलते. पाळणाऱ्याला आधी त्याचे कौतुकच वाटते. वस्तुतः ते आयप्टेसिया नावाचे समुद्रपुष्प, म्हणजे प्रवाळांशी दूरचे नाते असलेला प्राणी असतो. आणलेल्या दगडावरून किंवा प्रवाळाच्या तुकड्यावरून तो टाकीत शिरतो. शरीरातील सहजीवी शैवलांमुळे त्याचे काही पोषण प्रकाशावर होते, उरलेले माशांच्या खाद्यावर. शेजारच्या प्रवाळांना दंशपेशींनी डंख करीत तो जागा बळकावतो. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून काढणे गुन्हा आहे. मात्र शोभिवंत सागरी माशांच्या टाकीत प्रवाळ नसले तरी दगड असतात आणि आयप्टेसियाला तेवढे पुरते.

दिसताच खरवडणे ही येथील सर्वांत महागात पडणारी चूक. तळव्याचा जेमतेम दिसणारा कण दगडाला चिकटून राहिला, तरी त्यापासून नवा प्राणी वाढतो. हरळीवर कुळव फिरवून तिचे तुकडे रानभर पसरवावेत, तसाच हा प्रकार. एकटदुकट आयप्टेसिया असेल, तर पंप थांबवून चुन्याची दाट लापशी सिरिंजने त्याच्या मुखावर सोडावी; पण एका वेळी मोजक्यांवरच, कारण चुन्याने पाण्याचा सामू चढतो.

संख्या वाढल्यावर मात्र नैसर्गिक शत्रूच उपयोगी पडतो. पेपरमिंट कोळंबी लहान आयप्टेसिया खाते; परंतु तिच्यासारखीच दिसणारी उंट कोळंबी चुकून आणली गेली, तर ती प्रवाळांवरच ताव मारते. मित्रकीटकाची अचूक ओळख पटल्याशिवाय तो सोडू नये, हा शेतातील नियम येथेही लागू आहे. सर्वांत विश्वासू ठरते ती बर्घिया ही कवचहीन सागरी गोगलगाय. ती आयप्टेसियाखेरीज काही खात नाही. गाजर गवतासाठी १९८४ मध्ये बंगळूरू परिसरात सोडलेल्या मेक्सिकन भुंग्यावर सूर्यफूल खाल्ल्याचा आरोप झाला होता. बर्घियावर तसा ठपका नाही. दिवसा ती दडून बसते, रात्री चरते आणि वेटोळ्या धाग्यासारखी अंडी घालते. टाकीतील काही मासे तिलाच गिळतात, म्हणून आधी माशांची यादी तपासावी.

रसायनांचा मोह येथेही होतो. अॅक्रोपोरा प्रवाळावरील ‘तांबडा किडा’ हा कीटक नव्हे, कोळंबीच्या गोतातला सूक्ष्म कोपेपॉड आहे. कुत्र्यांच्या कृमींवरील मिल्बेमायसिनने तो मरतो, पण टाकीतील कोळंब्या आणि खेकडेही त्याच्यासोबत जातात. त्याच प्रवाळावरील चपटकृमीचे प्रौढ औषधी पाण्यात बुडवल्यावर गळून पडतात. प्रवाळाच्या उघड्या सांगाड्यावर चिकटवलेली त्यांची अंडी मात्र वाचतात. म्हणून नवा तुकडा वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवून, अंडी फुटण्याच्या अंतराने पुन्हा पुन्हा बुडवावा लागतो.

बर्घियाची अडचण एवढीच, की आयप्टेसिया संपला की ती उपाशी मरते. म्हणून तिची पैदास करणारे दुसऱ्या टाकीत मुद्दाम आयप्टेसिया वाढवतात. ट्रायकोग्रामासाठी कॉर्सिरा पतंगाची जोपासना करणाऱ्या प्रयोगशाळांना यात नवल वाटणार नाही. फक्त त्या टाकीचा चमचा या टाकीत बुडवायचा नसतो.