बाईंची चिकटवही

  आज कर्ज, हप्ता, व्याज यांवर बोलायचं नाही. आज एका वहीबद्दल बोलू. ती वही चिकटवही.

शाळा-कॉलेजात एखाद्या बाई किंवा सर असतात, ज्यांच्या टेबलाच्या खणात कात्री आणि डिंक कायम असतो. पेपरात कॉलेजचं नाव आलं की त्या कात्रण कापतात. गॅदरिंगची पत्रिका, एनएसएसच्या शिबिराचा फोटो, निकालाची बातमी, निरोप समारंभात मुलीने लिहून दिलेला कागद, असं सगळं त्या एका वहीत चिकटवतात आणि खाली दोन ओळी लिहितात. कोणी सांगितलेलं नसतं, पगारात ते काम नसतं. बाई निवृत्त झाल्या की वही घरी जाते, आणि पुढे कधीतरी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते.

तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या ऑफिसात सगळं लिहिलेलं असतंच की. असतं, पण काय असतं? रजिस्टरात हजेरी क्रमांक, फी, गुण. मुलगी कोणत्या पाड्यावरून आली, एसटी चुकली तर किती चालली, तिच्या घरातली ती कॉलेजात जाणारी पहिली होती का, हे रजिस्टरात नसतं. ते चिकटवहीत असतं.

याचं महत्त्व कळायला आपल्या शेजारचंच उदाहरण घेऊ. भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक, डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, आपल्या कल्याणचा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि यमुनाची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी बाळ झालं, ते दहा दिवसांत गेलं. आपल्या बायांना बाई डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनाने घेतलं. १८८३ साली त्या बोटीने अमेरिकेला निघाल्या आणि फिलाडेल्फिया शहरातल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. दवाखाना चालवायला वेळच मिळाला नाही.

तरीही आज आपल्याला त्या माहीत आहेत. का? कारण कागद राहिले. त्यांची पत्रं राहिली, आणि काशीबाई कानिटकर यांनी त्यांचं चरित्र पत्रांसह छापलं. कॉलेजात लिहिलेला त्यांचा प्रबंध राहिला. आणि एक फोटो राहिला. १० ऑक्टोबर १८८५ चा. त्यात तीन मुली आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. भारताच्या आनंदीबाई लुगड्यात, जपानच्या केई ओकामी, आणि तिसरी सीरियाच्या दमास्कस शहरातली. फोटोखाली तिघींची नावं आणि गावं लिहिलेली आहेत. ती ओळ लिहिली नसती तर आज तो परक्या पोशाखातल्या तीन अनोळखी मुलींचा फोटो झाला असता.

त्या ओळीत आनंदीबाईंचं गाव कल्याण नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरचं नाव आहे, कारण यजमानांची पोस्टातली नोकरी तिथे होती आणि त्या तिथूनच निघाल्या. सीरियाच्या मुलीचं नाव तर आज वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं लिहिलेलं दिसतं. म्हणून नाव लिहिताना जिचं आहे तिलाच विचारून लिहायचं, आणि माहेरचं व सासरचं अशी दोन्ही नावं, दोन्ही गावं लिहायची. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, कधी पाळण्यातलं नावही बदलतं. कॉलेजातली मुलगी वीस वर्षांनी शोधायची तर कोणत्या नावाने शोधणार?

आता त्या कॉलेजच्या बाईंबद्दल. त्यांचं नाव रेचल बॉडली. त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि १८७४ पासून कॉलेजच्या प्रमुख होत्या. त्या काळी तिकडेही लोक म्हणायचे, मुलींना डॉक्टर करून काय उपयोग, लग्न झालं की सगळं वाया. बॉडलीबाईंनी भांडण केलं नाही. १८८१ साली त्यांनी शिकून गेलेल्या मुलींना पत्रं पाठवून प्रश्न विचारले. डॉक्टरकी चालू आहे का? कमाई किती होते? घर आणि काम दोन्ही कसं चालतं? आलेली उत्तरं गोळा करून त्यांनी सगळ्यांपुढे ठेवली. मुली काम करत होत्या, कमवत होत्या, संसारही चालू होते. लोकांच्या बोलण्याला कागदाने उत्तर मिळालं.

हे आपल्यालाही लागू आहे. मुलीला कॉलेजात पाठवून काय होतं, शेवटी चूलच, हे वाक्य आपण प्रत्येक गावात ऐकतो. त्याला उत्तर द्यायला आपल्याकडे काय आहे? गावातल्या किती मुली शिकल्या, आज कुठे आहेत, हे विचारलं तर आपण बोटं मोजायला लागतो आणि चार नावांवर अडतो.

कागद नसला तर काय होतं, तेही पाहू. सावित्रीबाई आणि जोतिबा फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापला गेला, म्हणून त्या लहान मुलीचा आवाज आजही वाचता येतो. आणि सावित्रीबाईंच्या सोबतीण फातिमा शेख? त्यांच्याबद्दल फार थोडं उरलं आहे. सावित्रीबाईंनी १८५६ साली नायगावहून जोतिबांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव येतं. एका पत्रातला तो उल्लेख किती मोठा आधार झाला आहे बघा. फातिमांच्या वर्गातल्या कोणी एक वही ठेवली असती तर?

आपल्या भिवंडीत बी.एन.एन. कॉलेज १९६६ पासून आहे. मोमीन महिला कॉलेज १९८९ पासून आहे. म्हणजे आज ज्या आजी झाल्या, त्यांच्यातल्या काही भिवंडीतच कॉलेजात गेलेल्या आहेत. कोणी लूमच्या खडखडाटात अभ्यास केला, कोणी कांड्या भरून फी भरली, कोणी भाताची लावणी आटपून परीक्षेला बसली. १९७० आणि १९८४ च्या दंगली शहराने पाहिल्या. २६ जुलै २००५ ला कामवारीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा किती जणींची सर्टिफिकिटं आणि लग्नाचे अल्बम भिजले ते आपल्याला माहीत आहे. जे उरलंय ते आता गोळा केलं नाही तर पुढे मिळणार नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं, की प्रत्येक गटाने गावातल्या शिकलेल्या मुलींची एक चिकटवही करावी. आता ती कशी करायची ते ऐका.

वही जाड कागदाची, शिवलेली घ्या. चिकट पानांचे प्लॅस्टिकचे अल्बम नकोत, त्यांत फोटो असा चिकटतो की काढताना फाटतो.

फोटो डिंकाने पूर्ण चिकटवू नका. पानाला चार चिरा द्या आणि फोटोचे कोपरे त्यात खोचा. फोटोमागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, पेनाची शाई पुढे उमटते. गुळगुळीत फोटोवर पेन्सिल उठत नसेल तर नावं पानावर लिहा. डावीकडून उजवीकडे, प्रत्येकीचं नाव, तारीख, जागा. एखादी ओळखू येत नसेल तर जागा रिकामी सोडा, कोणी ना कोणी ओळखेल.

पेपरचं कात्रण लावताना पेपरचं नाव आणि तारीख तिथेच लिहा. पेपरचा कागद हलका असतो, उजेड आणि हवा लागली की पिवळा पडून तुटतो. म्हणून त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून शेजारी लावा. एटीएमच्या किंवा मशीनच्या गुळगुळीत पावतीवरची अक्षरं तर काही महिन्यांतच उडतात. फीची अशी पावती असेल तर आधी झेरॉक्स.

चिकटपट्टी लावू नका. ती तपकिरी होते आणि तेलकट डाग सोडते. जुन्या कागदाचं लॅमिनेशनही नको, एकदा केलं की सुटत नाही. पिठाची खळ वापरली तर कसर लागते.

वही ओल्या भिंतीला टेकवू नका, तापणाऱ्या पत्र्याखालच्या माळ्यावरही नको. पत्र्याच्या पेटीत, पेटीखाली दोन विटा. दसऱ्यानंतर पानं सावलीत उघडून हवा द्या, उन्हात नको. कागद भिजलेच तर घाई करू नका. पानांमध्ये कोरे कागद घालून पंख्याखाली वाळवा. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका, स्वच्छ पाण्यात ठेवून अलगद सोडवा.

प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो दोघीतिघींकडे ठेवा. एक फोन हरवला तरी वही राहील.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. मुलीला आणि तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय काही लावू नका, ती नको म्हणाली तर नको. आणि आधारची प्रत, खाते नंबर, मोबाईल नंबर वहीत अजिबात नको.

प्रत्येक मुलीला बॉडलीबाईंसारखे पाच प्रश्न विचारा. कोणत्या साली, कोणत्या कॉलेजात गेलीस? कशी जायचीस? फी कोणी भरली? सगळ्यात अवघड काय गेलं? आज काय करतेस? जी मध्येच शिक्षण सोडून बसली, तिलाही विचारा. का सुटलं, हे लिहिलेलं असेल तर पुढच्या मुलीसाठी फीचं कर्ज की एसटीचा पास, नेमकं काय हवं ते गटाला कळेल. मग ग्रामसभेत बोलताना हातात वही असेल.

वही कोणा एकीची नाही, गटाची. कोणाकडे राहील, पदाधिकारी बदलल्या की कोणाकडे जाईल, हे ठरावबुकात लिहून सह्या घ्या. आणि हो, गावातल्या निवृत्त बाई-सरांच्या घरी एकदा जाऊन या. त्यांच्याकडे जुनी चिकटवही असेल तर ती मागू नका. त्यांच्या शेजारी बसा, पानं उलटा, आणि प्रत्येक फोटोतली नावं त्यांच्या तोंडून लिहून घ्या. त्यांना आठवतंय तोवरच हे काम होणार आहे.

या महिन्याच्या मिटिंगला प्रत्येकीने घरातला एक जुना फोटो आणावा आणि मागे नावं लिहूनच परत न्यावा. सुरुवात एवढीच. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.